छातीला होल्टर, हातात लेझीम

आमच्या सासूबाई, प्रतिभाताई, शाळेतून निवृत्त झाल्या, पण गळ्यातली शिटी काही सुटली नाही. आमच्या या हिंदी मुलुखात माधव नगरातल्या मराठी बायकांचं लेझीम पथक त्यांनीच उभं केलं, आणि अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीत पुढे त्याच असतात. यंदा मात्र मधूनच छातीत धस्स व्हायला लागलं. बाकी तपासण्या ठीक आल्या, तरी डॉक्टरांनी दिवसभरासाठी होल्टर लावलं. छातीला चिकटवलेल्या वायरी आणि कमरेला एक डबी, ठोक्यांची नोंद ठेवणारी. माझ्या नवऱ्याने, रुचिरने, परस्पर ठरवूनही टाकलं की यंदा आईची मिरवणूक बंद.

आमच्याकडे आजाऱ्याचा मान फार. घरी येताच रुचिरने त्यांना पलंगावर बसवलं, मी मऊ भात पुढे केला, शेजारच्या रजनीकाकू विचारपूस करायला आल्या त्या उठायलाच तयार नाहीत. सासूबाईंनी दुपारभर हे कौतुक सोसलं. ऊन उतरल्यावर मात्र पदर खोचून त्या सरावाला निघाल्या. रुचिर दारात आडवा आला.

"डॉक्टर काय बोलले? रोज करता ते सगळं करा. मग मी रोज बिस्तरात पडून असते का रे?"

रुचिर दारातून बाजूला झाला. मला हसू आलं, तरी मीही त्यांच्या मागोमाग निघाले.

मैदानात ढोल वाजला आणि डबी घट्ट बांधून सासूबाई नाचल्या. चुकलेल्या पावलाला नेहमीसारखा ओरडाही बसला. रुचिर पाण्याची बाटली घेऊन कडेला रामरक्षा पुटपुटत होता.

रिपोर्ट घ्यायला आम्ही तिघंही गेलो. ठोके चुकले होते खरे, पण सगळे दुपारचे, पलंगावर बसल्या असतानाचे. लेझीम सुरू झालं तसं ते चुकणं थांबलं. मेहनत करताना जे चुकेनासे होतात, अशा ठोक्यांना घाबरायचं कारण नाही, आणि नाचतानाची नोंद नसती तर हे कळलंच नसतं, असं डॉक्टरांनी समजावलं. वर म्हणाले, "आप दिनभर बैठी रहतीं, तो मैं भी आपको बिठा ही देता."

रुचिरने मान खाली घातली. सासूबाईंनी त्याच्या पाठीवर थाप मारली, जरा जोरातच.

चतुर्दशीला टावर चौकात पथक आलं. पुढे सासूबाई, मागे सगळ्या बायका. माझा ऊर भरून आला. शेजारी पाहिलं तर रुचिर अनोळखी माणसांना थांबवून सांगत होता, "सबसे आगे वाली दिख रही हैं ना? हमारी आई हैं."