परळीचे पाव्हणे

चौसाळ्याच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली होती आणि आबा माझी पिशवी हातात तोलून बघत होते. "येवढी जड कावून हाय?" म्हणत त्यांनी चेन उघडली. कपड्यांच्या घडीखाली टॉवेलात गुंडाळून मी घरातला टेप लपवला होता. आबांनी तो बाहेर काढला, टॉवेल परत आत ठेवला, चेन लावली आणि पिशवी माझ्याकडे दिली. रागावले नाहीत. "पाव्हणे हितंच ऱ्हाऊ दे," म्हणाले, "त्यांला नेलंस तर घरात आवाज कशाचा ऱ्हाईल?" गाडी हलली तेव्हा ते एका काखेत टेप धरून दुसऱ्या हातानं मला टाटा करत होते. मी खिडकीतून आबांकडे बघत होतो की टेपकडे, हे आजही मला छातीठोकपणे सांगता येत नाही.

गावाकडं राहिलेले तुम्ही हे वाचाल आणि माझ्यासारखे निघून गेलेलेही वाचतील, म्हणून पाव्हणे कोण ते आधी सांगतो. आमचं घर चौसाळ्यापासून आत, शेतात. थोडी जमीन, बाकी शेळ्यामेंढ्या. मी लहान असताना आबा शेळ्या घेऊन परळीच्या बाजाराला गेले होते, ते येताना एक जुना टेप घेऊन आले. त्याचं झाकण वाकून बसलं होतं आणि आत एक कॅसेट अडकली होती. ती कधीच बाहेर निघाली नाही. खिडकीतून दिसणारा तिचा कागद उन्हानं पांढरा पडलेला, त्यावर नाव ना गाव. उलटून लावता येत नसल्यानं एकच बाजू वाजायची. सहा गाणी, मग रिवाइंड, परत तीच सहा गाणी. आमच्या घरात संगीत म्हणजे एवढंच.

टेप आणला तेव्हाच त्याच्या आतला रबरी पट्टा तुटलेला होता. आबांनी सायकलच्या ट्यूबची बारीक पट्टी कापून, सोल्यूशननं जोडून तिथं बसवली. जोड चाकावरून गेला की गाणं जरासं अडखळायचं आणि पुढं जायचं. आवाज पुरुषाचा होता. जड, संथ, दिवसभर ओझी वाहून आलेल्या माणसाचा. परळीहून आलेला म्हणून आबांनी त्याला नाव ठेवलं, परळीचे पाव्हणे. "पाव्हण्यांला लाव रे," असं ते सांगायचे. आणि माय? टेप सुरू झाला की ती डोक्यावर पदर घ्यायची. खरंच घ्यायची! घरात परका पुरुष माणूस बोलत असताना उघड्या डोक्यानं कसं बसायचं? सेल उतरले की गाणं आणखी रेंगाळायचं, तेव्हा मायच म्हणायची, "पाव्हणं आज लई दमलेत. ऱ्हाऊ द्या आता, निजू द्या त्यांला."

गाण्यांत जोडवी होती, माहेर होतं, सासूही होती. पण बाईचे शब्द पुरुषानं गाणं यात आमच्याकडं नवल नाही. भजनात पांढऱ्या मिशांची माणसं सासुरवाशीण होतातच की. त्यामुळं कुणालाच शंका आली नाही.

पुण्यात आलो, नोकरी धरली, वाकडला तिघांत एक फ्लॅट घेतला. पहिल्या वर्षी घर इतकं आठवायचं की मी गिटार शिकायला लागलो, आणि बोटं जरा वळल्यावर सगळ्यात आधी वाजवलं ते पाव्हण्यांचं गाणं. पाय माझे पुढं पुढं, वाट जाई मागं मागं. तारा नेहमीपेक्षा खाली उतरवल्या तेव्हा कुठं ते बसलं. रूममेटनं मोबाइलवर शूट करून नेटवर टाकलं, आणि तिथून हा नाद लागला. शनिवारी एखादं कव्हर, कधी स्वतःचं गाणं, रविवारी एका अल्बमचा रिव्ह्यू. ऐकणारे फार नाहीत, पण आहेत ते मनापासून लिहितात. सगळ्यांचं एक म्हणणं असायचं, की तुम्ही कुठलंही गाणं घ्या, ते संथ करता, आणि ते पोटात जातं. एकानं विचारलं, ओळीच्या शेवटी ती छोटी अडखळ घेता, ती हरकत कुणाकडं शिकलात? मी ऐटीत लिहिलं, शिकलो नाही, अंगातच आहे.

मागच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा टेपसमोर मोबाइल ठेवून पहिलं गाणं भरून घेतलं आणि रविवारी त्या अल्बमवर बोललो. काय काय बोललो म्हणता! हा गायक परळीला कोळसा उतरवणारा असणार, म्हणालो. त्याच्या आवाजातला थकवा ऐका, म्हणालो. घर सोडलेल्या पुरुषाचं दुःख इतक्या खालच्या सुरात मी दुसरीकडं ऐकलेलं नाही, असंही ठोकून दिलं. माझ्या सगळ्या व्हिडिओंत तो सर्वांत जास्त ऐकला गेला.

आठवड्यानं परळीहून सुनंदाताई नावाच्या बाईंचा मेसेज आला. "हा आवाज माझ्या आईचा, प्रयागबाईचा हाय. गाणी तिनंच रचलेली हायत. तिचा बाप्या कसा केलात तुमी?"

मला वाटलं, कुणीतरी मजा करतंय. पण मेसेजमागून फाइल आली. त्यांच्या घरी जपलेल्या कॅसेटवरून भरून घेतलेली, दोन्ही बाजू. मी हेडफोन लावले. एक तरुण बाई गात होती. बारीक, खणखणीत आवाज, ठेका असा की पाय थांबू नयेत. शब्द तेच होते, पाय माझे पुढं पुढं, पण त्यात दुःख कुठंच नव्हतं. नवरीची चेष्टा होती ती! लग्नात बायका फेर धरून म्हणतात तसली. मध्येच गाणारीला हसू आवरत नाही, तेही ऐकू येतं. आमच्या टेपवर त्या जागी पाव्हणे उसासा टाकायचे. त्या उसाशावर आम्ही सगळे गप्प व्हायचो.

म्हणजे आबांनी बसवलेला पट्टा ढिला होता. टेप हळू फिरत होता आणि बाईचा पुरुष झाला होता. एवढंच.

एवढंच कसं? माझी जी काही स्टाइल होती ती सायकलची ट्यूब निघाली. हरकत म्हणजे सोल्यूशनचा जोड. आणि ज्या दुःखावर मी परमुलखात इतकी वर्षं काढली, गाणी रचली, ते मुळात कुणाचं होतं? प्रयागबाईंचं नव्हतं, कारण त्या हसत होत्या. पाव्हण्यांचं नव्हतं, कारण पाव्हणे नव्हतेच. मी गिटार घेऊन खऱ्या गतीनं गाऊन बघितलं. हात चालले, गळा चालला, पण मलाच ते दुसऱ्या कुणाचं वाटलं. आठवडाभर मी भ्रमिष्टासारखा दोन्ही फाइली आलटून पालटून ऐकत होतो.

सुनंदाताईंची मी माफी मागितली. त्यांचं म्हणणं सरळ होतं. व्हिडिओ काढून टाका, नाहीतर आईचं नाव लिहा आणि गाणं नीट म्हणा. नाव लिहिणं सोपं होतं. 'नीट' कसं म्हणायचं, ते कळेना. मी व्हिडिओ काढून टाकला. पण त्याहून मोठी पंचाईत पुढं होती. आबांना काय सांगायचं? पाव्हणे नव्हतेच म्हणून सांगायचं?

सांगायला गावी गेलो. दुपारची जेवणं झाल्यावर दोघांना बसवलं आणि मोबाइलवर प्रयागबाईंना लावलं. माय सवयीनं पदराकडं हात नेत होती, तो वाटेतच थांबला. "आगं बया, बाई हाय व्हय ही!" ती इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. "आन् म्या येवढी वर्सं पदर घेत बसले!" मग मोबाइलजवळ सरकून बसली आणि दुसऱ्या बाजूची गाणी लाव म्हणाली. गाणं संपल्यावर आबा म्हणाले, "बाई चांगल्या गात्यात." थोड्या वेळानं म्हणाले, "पर ह्या आपल्या घरच्या न्हाईत." आणि उठून शेळ्यांकडं गेले. मला वाटलं, मी घरातलं एक माणूस मारलं.

चहाच्या वेळेला सुनंदाताईंचा फोन आला. आबा समोर होते, मी स्पीकर लावला. व्हिडिओ काढून टाकलाय, मी सांगितलं.

"कावून काढला?" त्या म्हणाल्या. "म्या रागात लिवलं व्हतं. मंग परत परत ऐकलं ते." त्या पुढं सांगू लागल्या. "आईला शेवटी लकव्याचा झटका आलता. लई हळू बोलायची, आवाज बी जड झालता. मंधीच अडकायची. गायची बी तशीच, पर आमी ते भरून न्हाई घेतलं. आजारी माणसाचं काय भरायचं, वाटलं. तुमच्या टेपात ती तशीच गाती. म्या येऊन एकदा सगळी सहा ऐकू का?"

मी आबांकडं बघितलं. त्यांनी मान खाली घातली होती.

"तुमी नका येऊ," ते फोनकडं तोंड करून म्हणाले. "पोरगा घेऊन यील."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही परत चौसाळ्याच्या स्टँडवर. या खेपेला टेप टॉवेलात आबांनीच गुंडाळला होता. माझी पिशवी उघडून त्यांनी तो तळाशी ठेवला आणि चेन लावली. "पुन्याला नंतर जा. आधी परळीला जा. त्यांची माय हाय ती, त्यांच्याकडंच ऱ्हाऊ दे," म्हणाले.

"आबा, मग घरात आवाज कशाचा ऱ्हाईल?"

त्यांना आपलंच वाक्य आठवलं की नाही, कोण जाणे. लांबच्या गाडीची पाटी वाचत असल्यासारखं करून ते म्हणाले, "तू फोन करत जा की."

परळीला सुनंदाताईंच्या ओसरीवर मी टेप सुरू केला. त्या टेपला हात लावून बसल्या होत्या. जोड चाकावरून गेला, गाणं अडखळलं, आणि त्या म्हणाल्या, "सावकाश, आई. घाई न्हाई." मग पदर तोंडाला लावून रडल्या. प्रयागबाईंची गाणी आता मी त्यांच्या नावानं दोन्ही गतींनी टाकतो. खरी कोणती, असं लोक विचारतात. मला अजून सांगता येत नाही. मूळ बघितलं तर सुनंदाताईंच्या कॅसेटवरची खरी. पण घर म्हटल्यावर माझ्या कानात जे सुरू होतं ते संथच सुरू होतं, चुकीच्या आवाजात, आणि ते चूक आहे हे कळूनही दुरुस्त होत नाही. इतकी वर्षं मी ज्याला घर म्हणत आलो ते ढिल्या पट्ट्यावर फिरत होतं, आणि तरी मला दुसरं घर नाही.

त्या दिवशी ओसरीवरूनच मी घरी फोन लावला आणि टेपसमोर धरला. पलीकडं आबा बराच वेळ ऐकत राहिले. मग मायला हाक मारून त्यांनी सांगितलेलं मला ऐकू आलं, "आगं, पाव्हण्यांचा फोन आलाय."

आणि लांबून मायचा आवाज आला, "थांबा थांबा, पदर घेऊ द्या."