जयाकाकूचं अंथरूण

जयाकाकू माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. लग्न होऊन आमच्या कोपरीच्या घरी आली तेव्हा नऊ वर्षांची होती, विधवा झाली तेव्हा बावीस. मूल नव्हतं. माहेर बाळकुमचं, पण तिथं कोणी उरलं नव्हतं. काका जाताना वडिलांना म्हणाले होते, "त्र्यंबका, परसालगतची खोली आणि परस हिच्याकडे राहू दे. ही आहे तोवर." वडिलांनी काकांच्या तोंडात तुळशीचं पान ठेवता ठेवता हो म्हटलं. काकूनं त्यावर कागद मागितला नाही. सख्ख्या दिराच्या शब्दावर कागद कोण मागतं.

पुढची सव्वीस वर्षं तिनं त्या खोलीत आणि परसात काढली. वडील कचेरीत कारकून, घरात खाणारी तोंडं नऊ. पण भाजीसाठी आमच्याकडचं कोणी बाजारात गेल्याचं मला आठवत नाही. परसातली जमीन खाडीकडची, खारट. काकूनं तिच्यात वर्षानुवर्षं शेण, पालापाचोळा आणि भाताचा कोंडा मुरवला, तेव्हा कुठं वांगी, पडवळ आणि वाल यायला लागले. तांदळाच्या कणगीत कडुलिंबाचा पाला तीच घालायची. पावसाळ्यात गोगलगायी फार. संध्याकाळी वाफ्याशी ओलं गोणपाट पसरून ठेवायची, सकाळी त्याच्याखाली गोळा झालेल्या उचलून लांब टाकायची. मारायची नाही. म्हणायची, "त्यांनाही पोट आहे. फक्त माझ्या वांग्यांवर नको."

शेजारच्या वाडीतली क्लेमेंटिना आमच्याकडे सुकी मासळी विकायला येत नसे, आम्ही खात नव्हतो. पण काकूशी बोलायला म्हणून टोपली कुंपणाबाहेर ठेवून यायचीच. तिचा नवरा विडी ओढायचा, त्यामुळे तंबाखूचे देठ ती काकूला आणून द्यायची. ते उकळून, त्यात रिठ्याचं पाणी घालून काकू मावा पडलेल्या वेलांवर शिंपडायची.

"काकी, तुमच्या वांग्याला कीड कशी नाय लागत ओ? मंत्र टाकता काय?"

"मंत्र कुठला? चुलीतली राख."

"राख तर माझ्या चुलीत बी हाय."

"तू टाकतेस दुपारी, जेवून पोट जड झाल्यावर. पानावर दव असताना टाक, मग चिकटते. दुपारी टाकलीस तर वाऱ्यानं तुझ्याच डोळ्यांत जायची."

"म्हंजे पाटेला उठायला होवं," क्लेमेंटिना म्हणायची. "मग ऱ्हाऊ दे. कीड खाऊ दे तिला होवं ते."

काकूच्या गोधड्या तर आमच्या आळीत ठाऊक होत्या. फाटकी लुगडी रिठ्यात धुऊन, उन्हात वाळवून, थरावर थर घालायची. दोरा विकतचा नाही. जुन्या धोतरांच्या किनारी उसवून त्यातला दोरा काढायची. कडेनं टाका सुरू करायचा आणि फेऱ्या घालत मधे यायचं. एका टाक्याला एकदा रामाचं नाव. जप मोजायला तिनं कधी माळ घेतली नाही.

सन १८९३ चा श्रावण. मला चौथा-पाचवा महिना होता आणि मी सासरी कल्याणला होते. आईनं काकूपुढे जुन्या लुगड्यांचं गाठोडं ठेवलं आणि सांगितलं, "जाऊबाई, पोरीच्या बाळंतपणाला एक चांगली गोधडी करा. मोठी करा, माणसाच्या मापाची. मायलेकरं दोघं निजतील. आणि हिरवा तुकडा घालू नका त्यात."

मी आश्विनात सातव्या महिन्यात माहेरी आले तेव्हा गोधडी अर्ध्यावर आली होती. क्लेमेंटिना दारात उभी राहून ती बघत होती.

"पोटुशीची गोधडी ना ही? मग हिरवा कसा नाय? तुमच्यात तर चुडा हिरवा, चोळी हिरवी."

"जावेनं नको म्हटलंय. कल्याणच्या शिकलेल्या माणसांच्या काही नव्या रीती असतील."

"रीत नवी असंल. पन हिरव्याबिगर?" क्लेमेंटिना माझ्याकडे बघून म्हणाली. मला खरंच काही ठाऊक नव्हतं.

काकूनं मला पाठमोरी उभी केली आणि गोधडी माझ्या खांद्यावरून सोडून बघितली. "लांब झाली थोडी," म्हणाली, "पण थंडीत पाय बाहेर यायला नकोत." तिला माझ्या बाळंतपणाचा फार उत्साह होता. शेक-शेगडीसाठी गोवऱ्यासुद्धा तिनं वेगळ्या रचून ठेवल्या होत्या.

कार्तिकातल्या एका मंगळवारी मी माजघरात पडले होते. पलीकडे आई वडिलांना सांगत होती, "गोधडी पुरी होऊ दे दोन दिवसांत. मग हरिहर भटजी नाशिकला जाणारच आहेत, त्यांच्या सोबतीनं पाठवा जाऊबाईंना. अंथरूण तिच्या हातचंच झालं, नवं करायला नको. आणि माघात आपल्या लेकाचं, गुरुदत्तचं लग्न. नव्या जोडप्याला खोली कुठली द्यायची? आणि सोवळ्या बाईच्या हातून घेतलेली खोली, तीही चुना लावून घ्यायला हवी."

वडिलांनी पानाचा डबा पुढे ओढला. मग म्हणाले, "मी सांगतो."

विधवेच्या अंथरुणात हिरवं घालत नाहीत. लहान पोरीलाही हे कळतं. काकूला कळलं नाही, कारण तिला वाटलं ती माझ्यासाठी शिवते आहे.

मी उठून सरळ तिच्याकडे जायला हवं होतं. गेले नाही. मंगळवार गेला, बुधवार गेला. ती माझ्याशेजारी बसून शेवटच्या फेऱ्या घालत होती, आणि मी वाल सोलत होते. वडिलांच्या विरुद्ध बोलायची आमच्यात पद्धत नव्हती, असं मी स्वतःला सांगितलं.

गुरुवारी जेवणं झाल्यावर वडिलांनी तिला बोलावलं. ती गोधडी घडी करून घेऊनच आली, मला द्यायला.

"वहिनी," वडील म्हणाले, "तुम्ही या घरासाठी फार केलंत. आता देवाच्या पायाशी राहावं. नाशिकला गंगेकाठी एक खोली बघितली आहे. तांदूळ-डाळ इथून येईल. शनिवारी हरिहर भटजींबरोबर निघा. हे अंथरूण असू द्या बरोबर."

काकूनं हातातल्या गोधडीकडे बघितलं. ती उलगडून सगळी कड बोटांनी चाचपत गेली. हिरवा कुठं आहे का, ते बघत होती असं मला वाटलं.

"भावजी," ती म्हणाली, "खोली हवी असेल तर तसं सांगा. मी परसात, गोठ्यात निजेन. पण मी नको झाले म्हणायचं असेल तर तेही तोंडानं म्हणा. देवाला मधे घालू नका. देव मला इथंही होता."

आई म्हणाली, "असं काय बोलता, लोक हौसेनं जातात नाशिकला."

"तुम्ही जा मग," काकू म्हणाली.

शनिवारी ती गेली. गोधडी घेऊन गेली, कारण दुसरं अंथरूण नव्हतं. ती माझ्यासमोरून जाताना मी वाकून नमस्कार केला. नेहमी ती पाठीवरून हात फिरवायची. त्या दिवशी तिच्या दोन्ही हातांत वळकटी होती.

मार्गशीर्षात मला मुलगा झाला. माघात खोलीला चुना लागला.

पुढच्या वर्षी पौषात मी मुलाला घेऊन माहेरी आले तेव्हा परस ओळखू येत नव्हतं. वांगी सगळी किडलेली, वालावर काळा मावा. आई दुपारी राख टाकत होती. क्लेमेंटिनानं देठ द्यायचं थांबवलं होतं, आणि कुंपणाशी येणंही. आईनं मला कार्ड लिहायला बसवलं. "लिही, जाऊबाई, वालाला काय करायचं ते कळवा. आणि लिही, शिमग्याला चार दिवस यावं." मी लिहिलं. खाली माझ्याकडून एक ओळ घातली, की मला दोन दिवस आधी कळलं होतं आणि मी सांगितलं नाही.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. काकूला अक्षर येत नव्हतं, कोणाकडून तरी लिहून घेतलेलं होतं. वडिलांनी मोठ्यानं वाचलं. दव असताना राख, ती आधी चाळून घ्यावी. तंबाखूचे देठ मूठभर, पाणी निम्मं आटेपर्यंत उकळावं, रिठे पाच. तीन दिवसांआड शिंपडावं. फार किडलेला वेल उपटून जाळावा, दया करू नये. त्यानंतर एवढंच: "ते घर माझे होते. तेथे पाहुणी म्हणून येता येणार नाही."

पत्रात वर अनेक आशीर्वाद नव्हते आणि खालीही नव्हते. माझ्या मुलाचं नाव नव्हतं. माझ्या ओळीला उत्तर नव्हतं. वडिलांनी कार्ड उलटून बघितलं. पाठीमागं फक्त आमचा पत्ता होता.