कालच्या ताटांची मोजणी

आमच्या गावात नेमकी किती माणसे राहतात, या प्रश्नाचे उत्तर मला हवे होते. ते मी पहिल्यांदा काढले तेव्हा चुकलो, आणि त्या चुकीमुळे माझ्या आईची बस बंद झाली.

मी सुरतेत, उधन्याच्या एका मराठी शाळेत शिकवतो. आमचे गाव खानदेशात आहे. गावापर्यंत डांबरी रस्ता आहे. बस मात्र फाट्यावरूनच पुढे जात असे. फाटा गावापासून तासभर चालण्याच्या अंतरावर. आईला काचबिंदू आहे. तालुक्याच्या डॉक्टरांनी दरमहा तपासणी सांगितली होती. पण उन्हात ती चाल नको म्हणून ती तपासणीच टाळू लागली.

मी तालुक्याच्या आगारात चौकशी केली. तेथील अधिकारी म्हणाले, "प्रवाशांची यादी आणा. महिनाभर गाडी सोडून पाहू."

यादीसाठी गावी जाण्याची गरज मला वाटली नाही. आमच्याकडे लग्नाचे चूलबंद आवतण असते. त्या दिवशी घरी चूल पेटवायची नाही, झाडून सर्वांनी मांडवात जेवायचे. त्यासाठी घरोघरच्या नावांची एक वही ठेवलेली असते. तिची प्रत उधन्यातल्या एका लूम कारागिराकडे, आमच्याच गावच्या माणसाकडे होती, कारण पुष्कळशी आवतणे इथेच द्यावी लागतात. हे कारण मला ठाऊक होते. त्याचा अर्थ मी लावला नाही. एका रविवारी बसून सगळी नावे सुवाच्य अक्षरात उतरवली, अनुक्रमांक घातले आणि यादी पाठवून दिली. तीत माझेही नाव होते.

बस आली. नारळ फुटला. पुढे रोजच्या दोन्ही फेऱ्या जवळजवळ रिकाम्या जाऊ लागल्या. कंडक्टरने एकदा आईला विचारले, "आजी, यादीतलं गाव कुठं ठेवलंय तुम्ही?"

"गाडी उनी रे भाऊ," आई म्हणाली, "पन बठनारा सुरतले बठेल शेतस." गाडी आली, पण तीत बसणारे सुरतेत बसलेत, असे तिचे म्हणणे.

महिना संपला आणि बस थांबली.

सुट्टीत गेलो असतो तर गाव पुन्हा भरलेले दिसले असते. म्हणून रजा काढून एका साध्या मंगळवारी गेलो. पहिल्याच घरी विचारले, "किती जण राहता?" काकूंनी सुरतेतली दोन्ही मुले, सुना, नातवंडे धरून आकडा सांगितला. मी हटकले, तेव्हा म्हणाल्या, "मग काय परके आहेत का ते?" त्या खोटे बोलत नव्हत्या. प्रश्न चुकीचा होता.

तो मी बदलला: काल संध्याकाळी या घरात किती ताटे वाढली? आता प्रत्येक जण बोटांवर मोजून उत्तर देऊ लागला. वहीत जितकी नावे होती, त्यांच्या निम्मीही ताटे भरली नाहीत. सोबत दुसरा प्रश्न विचारला: तालुक्याला कधी जाता? बहुतेकांचे उत्तर एकच आले, बाजाराच्या दिवशी, सकाळी जाऊन दुपारी परत.

शेवटी आमचे घर. वहीत सात नावे, ताट एक. माझ्या नावाशी पेन थांबले. आई दारात तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "खोडी टाक. जवय जेवाले येशी, तवय लिखजो."

मी नाव खोडले.

नव्या अर्जाच्या पहिल्याच ओळीत मागची यादी चुकीची होती हे लिहिले, आणि आठवड्यातून एकच दिवस बस मागितली. ती मिळाली. बाजाराच्या दिवशी डॉक्टरही बसतात. आईच्या तीन तपासण्या वेळेवर झाल्या आहेत. बसायला जागा मिळते, पण गाडी रिकामी नसते, असे ती सांगते.

माझ्या मोजणीतही चूक असू शकते. त्या संध्याकाळी कोणी शेतावर जेवले असेल, कोणी पाहुणा आला असेल. म्हणून विनंती एवढीच: आपापल्या गावी एखाद्या साध्या दिवशी जा, काल किती ताटे वाढली ते दारोदार विचारा, आणि स्वतः मोजून पाहा.