अक्काचे तीन प्रश्न

दवाखान्यात अक्काला सगळे दबकून असत, डॉक्टरसुद्धा. सत्तरच्या दशकात सोलापुरात मी शिकाऊ डॉक्टर होतो, तेव्हा ती हृदयाचा आलेख काढायच्या खोलीत कामाला होती. तिथं दोन पायऱ्यांचं एक लाकडी स्टूल होतं. पेशंटनं त्यावर चढ-उतार करायची, मग आलेख काढायचा. हृदयाला रक्त कमी पडतंय का, ते त्यात दिसे.

पायरीला पाय लावण्याआधी अक्का प्रत्येकाला अडवी. वय आणि तंबाखूचं विचारून झालं की तिचे तीन प्रश्न येत. "छातीत मधोमध दुखतं का? चालल्यावर दुखतं का? बसल्यावर थांबतं का?" तिन्हींना होकार आला की मला म्हणे, "ह्याचं काळीज धोक्यात हाय. तुमी जवळ हुबं ऱ्हावा." बसूनही दुखत असेल, तर ती स्वतःच पायऱ्यांपुढे उभी राही. "न्हाय चढायचं." तिचा अंदाज क्वचितच चुके.

यामागचं कारण तिनंच एकदा सांगितलं. तिचा थोरला भाऊ मंद्रूपकडे मेंढरं राखायचा. छातीत दुखतं म्हणून ती त्याला इथंच घेऊन आली होती. बसल्या जागी त्याला कळा येत होत्या. दवाखान्याचे मुख्य डॉक्टर असलेल्या मोठ्या साहेबांनी काही न विचारता त्याला पायऱ्यांवर चढवलं. तो कोसळला तो उठलाच नाही. वर्षभरात अक्का त्याच खोलीत नोकरीला लागली आणि डॉक्टरांच्या मागे लागून तिनं ते प्रश्न पाठ केले. "सायबाचा दिवस यील की. मी हितंच हाय."

तो दिवस आला. एका सकाळी साहेब स्वतःच शर्टाची बटणं सोडत आत शिरले. चेहरा घामानं डबडबलेला. "ॲसिडिटी आहे. पायऱ्या चढून दाखवतो, म्हणजे घरचे गप्प बसतील."

अक्का हलली नाही. "बसल्यावर थांबतं का?"

साहेब चिडले. तिनं तोच प्रश्न पुन्हा विचारला. खोलीत आम्ही चार-पाच जण बघत होतो. शेवटी मान खाली घालून ते म्हणाले, "नाही. पहाटेपासून दुखतंय."

"माज्या भावाला एवढंच इचारायचं हुतं," अक्का म्हणाली आणि त्यांना धरून खाटेवर निजवलं. दुपारच्या आलेखात झटका स्पष्ट दिसला. पायऱ्या चढले असते तर वाचणं कठीण होतं.

"अक्का, चढू का नाही दिलंत?" मी नंतर विचारलं.

"मेला असता तर सुटला असता," ती शांतपणे म्हणाली. "आता जगू दे. रोज माजं त्वांड बगू दे."

साहेब बरे होऊन कामावर आले, पण तिची गाठ नको म्हणून मागच्या दारानं ये-जा करू लागले. मग अक्का रोज सकाळी त्या दाराशी जाऊन उभी राहू लागली. त्यांनी मुदतीआधीच नोकरी सोडली. शेवटच्या दिवशी जाताना ते तिच्यासमोर थांबले, हात जोडले.

अक्कानं नमस्कार घेतला नाही.