रडारच्या काचेवरची फुली

गराजमधल्या उकाड्याने माझ्या मुलाचे, मिहीरचे, लहानपणीचे मेणाचे खडू वितळले होते. डबा उघडला आणि त्या वासाने मला थेट शेजारच्या वॉल्टर आजोबांच्या गराजमध्ये नेऊन उभं केलं.

आम्ही तेव्हा या परक्या देशातल्या प्लेनो शहरात नवीन होतो. महायुद्धानंतर नौदलासाठी विमानं शोधणारी नवी रडार तयार होत होती आणि त्यांच्या चाचण्यांच्या वेळी आजोबा तरुणपणी जहाजावर रडारच्या पडद्यासमोर बसायचे. विमानाचा ठिपका दिसला की काचेवर मेणाच्या पेन्सिलीने फुली मारायची, हे त्यांचं काम. ते वृद्धाश्रमात राहायला निघाले म्हणून मी आवराआवरीला गेले होते. सामानात एक गोल, जाड काच निघाली. तिच्या कडेला एकच पिवळी फुली होती. मी ती पुसायला स्प्रे मारणार, तोच त्यांनी माझं मनगट धरलं.

"पुसू नकोस! रडारच्या लहरींमध्ये फटी असायच्या. विमान फटीत शिरलं की दिसेनासं व्हायचं आणि पुढे परत दिसायचं. या विमानात माझा मित्र होता. तो अजून दिसला नाही."

म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय, असं वाटून मला तेव्हा कीव आली होती.

आमच्याशी भांडून गेलेल्या मिहीरचा फोन वर्षभर बंद आहे. आमच्या फोनच्या नकाशावरचा त्याचा ठिपकाही गेलाय. आज जेवताना नवरा फोन हातात घेऊन हळूच म्हणाला, "अगं, फोनच्या फॅमिली प्लॅनमधून त्याची लाइन कॅन्सल करू या का आता?"

मी त्याचं मनगट धरलं. किती घट्ट, ते मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं.