आरोपीच्या ताटातलं तूप

माझ्या मायनं ज्या माणसाच्या ताटात तूप वाढलं, त्याच माणसानं आमचं घर पेटवलं होतं. हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं, अख्ख्या गावाला माहीत होतं. तरी तिनं वाढलं. आणि तिला तिथे घेऊन जाणारी मी होते, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं सगळं मी दुसऱ्यावर ढकलून मोकळी झाले असं वाटेल.

गाव अकोटकडचं. जयंतीची मिरवणूक चावडीपुढून न्यायची की नाही, यावरून भांडण झालं आणि दुसऱ्या दिवशी भर दुपारी जमाव आमच्या बौद्ध वस्तीत शिरला. तीन घरं जळाली, त्यात एक आमचं. बाबा दारात आडवे झाले, तर त्यांच्या गुडघ्यावर सब्बल, लोखंडी पहार, घातली. घालणाऱ्यानं तोंडाला रुमाल बांधला होता, बाबा बेशुद्ध पडल्यावर तो सुटला. मायनं दोन हातांवरून त्याचं तोंड पाहिलं. ज्यांच्या वावरात तिनं निम्मा जन्म कापूस वेचला त्या घरचा तो पोरगा, लहानपणी तिनंच त्याला बांधावर खेळवलेलं. मी अमरावतीला शाळेत शिकवते, राजापेठेत राहते. मला हे सगळं फोनवर कळलं.

खटला अकोल्याला उभा राहिला. तोंडं पाहिलेले साक्षीदार पाच. पण वस्तीतल्या माणसांना सकाळी उठून त्याच लोकांच्या वावरात कामाला जायचं होतं. एकेक करून चौघं कोर्टात म्हणाले, ‘‘मले काई दिसलं नाई साहेब.’’ त्यांना मी काय बोलू? पोट सगळ्यांनाच आहे. राहिली एकटी माय. ‘‘जे पाह्यलं ते सांगीन, अन् घरी येऊन बसीन,’’ एवढंच ती म्हणायची. सरकारी वकील मला म्हणाले, आता सगळी भिस्त तुमच्या आईवर आहे.

तिची साक्ष व्हायची होती, तेवढ्यात माझी मैत्रीण आली. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. तिच्या आईचा डोळा चुकवून ती मला डब्यातली पोळी द्यायची, ते मी कधी विसरले नाही. तिचं लग्न गावातच झालं, आता ती सरपंच आहे. आणि बाबांच्या गुडघ्यावर सब्बल घालणारा तिचा सख्खा दीर, आरोपी नंबर एक. ती राजापेठेत माझ्या घरी आली, माझा हात धरून रडली.

‘‘गाव तुटलं व बाई. आमच्या वावरात रोडगे करतो. साऱ्या गावाची एकच पंगत. अन् वाढतील तुमच्या बाया.’’

‘‘अन् केस?’’

‘‘केस आपल्या जागी, जेवण आपल्या जागी. त्याचा अन् याचा काय संबंध?’’

रोडगे म्हणजे कणकेचे गोळे, गोवऱ्यांच्या आरात भाजलेले. ते चुरायचे, वर तूप घ्यायचं, सोबत वरण आणि वांग्याची भाजी. लहानपणी गावच्या रोडग्यांना आम्हीही जायचो. विहिरीपलीकडे बसायचो, ताटं घरून न्यायचो, आणि वाढणारा वरूनच टाकायचा, ताटाला हात लागू नये म्हणून. घरी येताना माय दर वेळी पुटपुटायची, ‘‘कदी माह्या हातचं खातीन का हे लोक?’’ म्हणून मला वाटलं, झालं, हाच तो दिवस. वर्गात पोरांना सलोख्याचे धडे शिकवणारी बाई मी, हुरळले!

माय म्हणाली, ‘‘आधी निकाल लागू दे, मग रोडगे.’’

मी तिच्याशी भांडले. ‘‘काय बाप्पा माय! जल्मभर ज्याची वाट पाह्यली ते दारात आलं, तर आता भाव खाऊन राहिली?’’ बाबा काठी टेकत उठले आणि बाहेर निघून गेले. ते पंगतीला आले नाहीत. माय आली, माझ्या हट्टापायी आली.

पण खोटं कशाला बोलू, त्या दिवशी ती खुलली. पहिल्यांदा आपल्याच बायांच्या मागे राहिली, मग सगळ्या पंगतीत फिरली, आग्रह करकरून वाढलं. जामिनावर सुटलेला मैत्रिणीचा दीर मधोमध बसला होता. तो म्हणाला, ‘‘मावशी, मले तूप नाई वाढत का?’’ माय थांबली. मग तिनं वाटी ओतली आणि म्हणाली, ‘‘बारीक चुरून खाय, नाईतर घशात अटकते.’’ सगळे हसले. तीही हसली. मैत्रिणीनं मोबाइलवर फोटो काढला आणि मला पाठवला, ‘मावशी कशी खुलली पाह्य.’ तो पाहून मी रडले. मी तो कुणालाही दाखवला नाही, घरच्यांनासुद्धा नाही.

साक्षीच्या दिवशी मायनं बोट दाखवून सांगितलं, ‘‘हाच होता.’’ आवाज चढला नाही की बसला नाही. मग आरोपीच्या वकिलानं पाकिटातून एक मोठा फोटो काढला.

‘‘मावशी, या फोटोत तुम्हीच ना?’’

‘‘मीच.’’

‘‘ज्यानं नवऱ्याचा पाय मोडला, त्याला हसत हसत तूप वाढलं?’’

‘‘वाढलं. वळखत होती म्हणूनच वाढलं. बिनवळखीच्या माणसाशी कायची दिलजमाई?’’

‘‘तेवढंच सांगा, वाढलं की नाही?’’

‘‘वाढलं.’’

वकील म्हणाला, जिचं घर जळालं ती बाई जाळणाऱ्याला असं वाढेल का? म्हणजे हिनं ओळखलंच नव्हतं. पुढे संशयाचा फायदा मिळून सगळे सुटले.

साक्ष संपल्यावर मी मैत्रिणीला बाहेर गाठलं. ‘‘फोटो तू देल्ला?’’

तिनं नजर चुकवली नाही. ‘‘माह्या घरचा माणूस आहे तो. तू काय केलं असतं?’’

‘‘तुह्या मायले फसवून पंगतीले नेलं नसतं मी!’’

‘‘मी कोठी नेलं? मावशीले तूच आणलं होतं.’’

तिचा मला संताप येतो, आजही येतो. तिची ती पोळी आठवली की जास्तच येतो. पण ती खरं बोलली होती.

अकोटच्या बसमध्ये मायनं तिकिटं कमरेला खोचली. मग हळूच म्हणाली, ‘‘एक विचारू का? तुले माहीत होतं का व?’’

मी नाही म्हटलं. तिच्या गळ्याची शपथ घेतली, रडले, आजूबाजूचे लोक पाहायला लागले. ‘‘बरं,’’ म्हणाली ती, आणि खिडकीकडे तोंड केलं. तो विषय तिनं पुन्हा काढला नाही.

परवा माझ्या मुलीच्या वाढदिवसाला ती राजापेठेत आली होती. नातीला पुरी भरवत होती, छान हसत होती. मी मोबाइल वर केला, तर तिनं झटकन पदर तोंडावर ओढला.

‘‘माय, अवं मीच तर आहो,’’ मी म्हटलं.

‘‘तवाबी तूच होती,’’ ती म्हणाली.