एका शब्दाची वही

आमचे बाबा, शेषराव, जन्माचे संशयी. दुधानं तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो म्हणतात. बाबांचं तोंड कधी पोळलं होतं देव जाणे, ते माठातलं पाणीसुद्धा फुंकून प्यायचे. एसटीवर हातभर पाटी असली तरी आधी कंडक्टरला विचारायचे, मग ड्रायव्हरला, आणि बसल्यावर शेजारच्या बाईला, "हे अमरावतीलेच जाते ना वं बाई?" वांग्याच्या बियांची पुडी आणली की दहा बिया ओल्या फडक्यात बांधून त्यांना कोंब येईस्तोवर दम धरायचे. डॉक्टरनं सुई टोचायच्या आधी औषधाची बाटली उजेडात धरून पाहायचे. डॉक्टर चिडायचा, पण बाबा दंड पुढे करायचे नाहीत.

दर्यापूरजवळ नदीकाठी आमची दीड एकर भाजी. बाजारात दुसऱ्याचा माल घ्यायची वेळ आली की बाबा टोपल्यात वरून कधीच उचलायचे नाहीत, थेट मधोमध हात घालायचे. "वरचा थर कोनीबी चांगला लावते," म्हणायचे. घरात आईनं भाजीत मीठ टाकलं म्हटलं तरी चाखून पाहायचे. आई म्हणायची, "मले लगनात पाह्यलं तवाबी पदर वर करून खात्री केली असंन यायनं."

यातून एकटी मी, त्यांची रूपाली, सुटले होते. रूपाली बोलली म्हणजे झालं. मी बी.ए. झाले तेव्हा नत्थुजीकाकांनी एक स्थळ आणलं. मला अमरावतीला इंग्रजी बोलायच्या क्लासला जायचं होतं. काका म्हणाले, पोट्टी एकटी अमरावतीले जाईन, कोठी जाईन कोठी नाही, कोनं पाह्यलं? बाबा म्हणाले, "साऱ्या दुनियेवर माहा भरवसा नाही. माह्या पोरीवर हाये." झालं. काकांनी चहासुद्धा पूर्ण घेतला नाही. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण माझ्याजवळ होतं ते एवढंच होतं, आणि तेच मी घालवत होते.

क्लास सूर्यभान सरांचा. आठवड्यातून तीन दिवस, साठ-सत्तर पोरंपोरी एका हॉलमध्ये. पहिल्या आठवड्यात सरांनी फळ्यावर एकच क्रियापद लिहिलं, गेट. म्हणाले, "या एका शब्दावर इंग्रज अर्धा दिवस काढतो. सकाळी उठतो तो गेट, पावसात भिजतो तो गेट, घरी पोचतो तो गेट, नोकरी मिळते ती गेट, म्हातारा होतो तोही गेट. आणि एखादी गोष्ट डोक्यात शिरली तरी गेटच." मला हसू आलं होतं. आवडलंच होतं, खोटं कशाला बोलू?

मग सरांनी मला उभं केलं, वाक्य कर म्हणाले. मी केलं, मी चार वाजता उठते. आम्ही उठतोच चारला, भाजी तोडायची असते. मधल्या बाकावर जुईली नावाची वकिलाची पोरगी होती. ती हळूच म्हणाली, "कोंबडी आहे का?" सारा हॉल हसला. मी घाबरून सरांना म्हटलं, "सर, मले नाही जमत." त्या ‘मले’वर आणखी हसले. मी बसले ती पुन्हा त्या हॉलमध्ये गेलेच नाही.

घरी सांगितलं असतं तर बाबा काठी घेऊन आले असते आणि काकांचं स्थळ परत आलं असतं. म्हणून मी नेहमीसारखी निघायची, अमरावतीला उतरायची आणि अंबादेवीच्या देवळात खांबाला टेकून वही काढायची. रिकामी वही घरी कशी न्यावी? मला धड येत होता तो एकच शब्द. त्याचीच वाक्यं लिहीत बसायची. आधी सरांची, मग माझ्या मनची. कोथिंबीर भिजते. आईची कंबर धरते. काकांना राग येतो. तिसऱ्या आठवड्यात सुचेनासं झालं, तेव्हा खरंच लिहायला लागले. बाबा मला गाडीत बसवून देतात. मी क्लासला पोचत नाही. मला बाबांची भीती वाटत नाही, त्यांच्या भरवशाची वाटते. बाबांना कुठं इंग्रजी वाचता येतं, या धीरावर मी मोकळी होत होते. किती मूर्ख असावं माणसानं!

बाबांना वाचता येत नव्हतं, पण डोळे होते. एका दुपारी ते बाजेवर वही घेऊन बसलेले दिसले. बोट ओळीवरून फिरत होतं.

"हे शेपटीवालं अक्षर अन् त्याच्या मांगचे दोन, हर पानावर कावून हाये वं?"

मी म्हटलं, "त्या एका शब्दाचे लय अर्थ आहेत बाबा."

"किती?"

"खूपच."

बाबांनी वही मिटली. "जो मानूस समद्यायच्या पंगतीत बसते, तो कोनाचाच नसते. शब्द बेइमान हाये, नाही तं मास्तर. महिना झाला अन् एकच माल दाखवून राह्यला? उद्या मी येतो तुह्यासंगं."

"नका येऊ बाबा, सर रागावतील."

"रागावन दे. ज्याच्या मनात पाप असते तोच रागावते."

रात्रभर मी सांगते-सांगते करत राहिले. सकाळी जीपमध्येही तोंड उघडलं नाही. बाबांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं, वही मांडीवर घट्ट धरली होती. मला वाटत होतं, गाडी पंक्चर व्हावी, सर आजारी पडावे, काही तरी व्हावं. काहीच झालं नाही.

हॉलच्या दारावर फोटोंचं मोठं बॅनर होतं, पास होऊन नोकरीला लागलेल्या पोरांचं. सरांनी कौतुकानं तिकडे बोट दाखवलं. बाबांनी तिकडे पाहिलंही नाही. "वरचा थर राहू द्या," म्हणाले आणि बाकांमधून चालत थेट मधल्या बाकाशी गेले. नेमकी जुईली! "बाई, तुही वही दाखव बरं." तिनं भीतभीत दिली. बाबांनी दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या, पानावर पान लावून पाहिलं. तिच्या वहीत दर चार पानांनी शब्द बदलत होता.

बाबांचा आवाज चढला. "हे काय वो मास्तर? इले ताजा माल, अन् माह्या पोरीले महिनाभर शिळा? खेड्यातली हाये म्हून? बाप अडानी हाये म्हून?"

सर गोंधळले. माझ्याकडे पाहून आठवायला लागले. "काका, गेट मी एकच आठवडा शिकवलं. आणि ही मुलगी... ही त्यानंतर आलीच नाही."

"खोटं!" बाबांनी वही बाकावर आपटली. "मी सोता गाडीत बसवून देतो इले. माही पोरगी खोटं बोलत नाही. तुमी सत्तरायच्या गर्दीत तिचं तोंड इसरले, अन् आता तिच्यावरच ढकलून राह्यले? लाज नाही वाटत?"

ज्या माणसानं देवाच्या प्रसादाचाही वास घेऊन पाहिला, तो माझ्यासाठी एका भल्या माणसाला साऱ्यांदेखत खोटं ठरवत होता. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

सरांनी वही उचलली. पानं उलटत गेले. शेवटच्या पानांशी थांबले, आणि हळूच माझ्याकडे पाहिलं. त्यांनी वाचलं होतं. मला वाटलं आता ते मोठ्यानं वाचणार, सारं मराठीत सांगणार. त्यांनी तसं केलं नाही. वही माझ्या हातात दिली. "वाच बेटा. तूच सांग बाबांना काय लिहिलंय."

बाबा म्हणाले, "हो, वाच. माही पोरगी वाचीन तेच खरं."

मी त्या घडीला काहीही वाचू शकले असते. कोथिंबीर, पाऊस, काकांचा राग, काहीही. बाबांनी मानलं असतं. सर गप्प बसले असते, हे त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. मग बाबांनी त्यांना आणखी चार शब्द सुनावले असते आणि मला घेऊन निघाले असते. तेवढं मात्र माझ्यानं झालं नाही.

"बाबा मला गाडीत बसवून देतात," मी मराठीत वाचलं. "मी क्लासला पोचत नाही."

बाबा ऐकत राहिले. मग म्हणाले, "पुढं?"

"सर खरं सांगून राह्यले बाबा. मी देवळात बसत होते."

बाबांनी टोपी काढली. सरांपुढे हात जोडले. "चुकलो मी," म्हणाले. बाबांना असं म्हणताना मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. मला रडू फुटलं, आणि कोणीच हसलं नाही.

घरी आईनं विचारलं, कसा हाये मास्तर? "इमानदार हाये," बाबा म्हणाले. आणि मला, "सोमवारी जाजो." ना शिवी, ना हात. दोन कानाखाली दिल्या असत्या तर मी सुटले असते. मी सोमवारी गेले, नेमानं जायला लागले. जुईलीनं स्वतःहून बाजूला सरकून जागा दिली. आता दुसरे शब्द आले, बोलायलाही येऊ लागलं. मला वाटलं, निभावलं बाई.

मग वांग्यावर अळी पडली. बाबांनी दर्यापुरातून नवीन औषध आणलं. बाटलीवरची बारीक इंग्रजी अक्षरं सातवीपासून मीच वाचून द्यायची. मी सांगायची आणि बाबा तेवढं फवारणीच्या पंपात ओतायचे. त्या दिवशीही मी वाचलं, "एका पंपाला तीस मिली, बाबा."

बाबांनी बाटलीचं झाकण उघडलं. पुन्हा लावलं. शेजारच्या वावरात माझा चुलतभाऊ कुंदन होता, दहावीला इंग्रजीतच दोनदा नापास झालेला. बाबांनी त्याला हाक मारली.

"पाह्य रे बाबू, किती लिवलं हाये याच्यावर?"

कुंदननं बाटली डोळ्यांजवळ नेली, ओठ हलवत बराच वेळ अक्षरं लावली.

"तीस, काका."

"हां," बाबा म्हणाले आणि औषध ओतायला वाकले. मीही तीसच सांगितलं होतं.